पित्ताची गोळी

बेळगावच्या वडगावात कुणाच्या घरी माग बिघडला की भावकूला निरोप जातो. यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्याला तिथे जॉबर म्हणतात. भावकू सायकल भिंतीला टेकवतो, चपला काढतो आणि लगेच आत न जाता दारातच जरा वेळ उभा राहून मागाची खडखड ऐकतो. मग पाना घेऊन आत शिरतो. माणूस मूळचा जांबोटीकडचा. मिसरूड फुटायच्या आत बेळगावात आला, एका मागवाल्याच्या घरी तेलाचा डबा धरता धरता काम शिकला आणि इथलाच झाला. उंचीने बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. आता पन्नाशी उलटली, तरी कुणाशी तोंड वर करून बोलल्याचं गल्लीत कुणाला आठवत नाही. असल्या माणसाला आपल्याकडे गरीब स्वभावाचा म्हणतात आणि वर त्याचं कौतुक करतात. कौतुक करणाऱ्यांना त्याच्या बायकोच्या जागी राहून बघावं लागत नाही.

बायको नागुबाई. वडगावचीच, विणकराच्या घरची. मागावरचं सूत संपत आलं की नवं बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, चढवतात, आणि जुन्या सुताच्या प्रत्येक टोकाला नव्या सुताचं टोक जोडावं लागतं. टोकं हजारांनी असतात. दोन बोटांत धरायची, पिळायची, सोडायची, पुढची धरायची. नागुबाई हे काम गप्पा मारता मारता करत असे. मान दुसरीकडे, तोंडाने शेजारणीची चेष्टा चाललेली, आणि बोटं आपली चाललेली. "नागूच्या बोटाला डोळं हायती," असं बायका म्हणत. लग्नसराईत तिला दोन-दोन घरांची बोलावणी एकदम येत, आणि ती आधी कुणाकडे गेली यावरून रुसवे होत.

पहिलं बाळंतपण झालं, मुलगी झाली, तेजस्वी. आणि नागुबाईची झोप गेली. आधी सगळे म्हणाले, पोर रडतं म्हणून जागते. मग ती पहाटे उठून सुताच्या लडी धुवायला लागली. मग बारसं होऊन गेलेलं असताना दारोदार फिरून बारशाचं आमंत्रण द्यायला लागली. बोलणं थांबेना, हसणं थांबेना, आणि एका दुपारी तान्ह्या पोरीला घेऊन ती बसस्टँडवर गोव्याच्या गाडीत बसलेली सापडली. भावकूने तिला धारवाडला, तिथल्या मनोरुग्णालयात नेलं. या भागात "धारवाडला नेलं" एवढं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही, आणि भावकूने ते कुणाला सांगितलंही नाही. तिथल्या डॉक्टरांनी तिला चांगलं बरं केलं. घरी परत आली ती पुन्हा आपली नेहमीची नागुबाई होऊन, सोबत एक गोळी घेऊन. गोळी रोज घ्यायची, सोडायची नाही.

भावकूची थोरली बहीण त्या वेळी बाळंतिणीचं बघायला येऊन राहिली होती. तिला सगळे आक्का म्हणतात, गल्लीसुद्धा.

"कुनी इचारलं तर पित्ताची गोळी म्हनायचं," आक्का म्हणाली.

"खोटं कशाला?" भावकूने विचारलं.

"पित्त कुनाला नसतंय? पित्त म्हटलं की फुडं कोन काय इचारत न्हाय. पदरात पोरगी हाय रं तुज्या. आज पाळन्यात हाय, उद्या लग्नाची हुईल. आई धारवाडला जाऊन आलीया म्हटलं तर दारात कोन उभा ऱ्हाईल?"

आक्काचं काही चुकीचं होतं असं म्हणायची सोय नाही. हे असं लपवायचं कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या घरची मुलगी उजवायला काढून बघावी. तर त्या दिवसापासून ती पित्ताची गोळी झाली. आक्काने गोळ्या पाकिटातून सोडवून पित्ताच्या पावडरीच्या एका रिकाम्या बाटलीत भरल्या आणि बाटली देवाच्या फळीवर ठेवली. घरात गोळीला दुसरं नाव उरलंच नाही. नागुबाई स्वतःसुद्धा म्हणे, "अवो, माझी पित्ताची संपत आलीया."

पुढे धारवाडच्या फेऱ्या थांबल्या, कारण बेळगावातच डॉ. रघुवीर यांचा दवाखाना निघाला. मनाच्या आजारांचे डॉक्टर, शांत माणूस. त्यांनी पहिल्याच भेटीत भावकूला समोर बसवून सांगितलं होतं, "गोळी चांगली आहे, पण लहरी आहे. पाणी भरपूर प्यायचं. मीठ एकदम कमी करायचं नाही. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरने कसलीही गोळी दिली तर आधी मला दाखवायची. आणि मी सांगेन तेव्हा रक्त तपासायचं. हिचं रक्तातलं प्रमाण जरा चढलं तरी त्रास होतो." भावकूने मान डोलावली. सुरुवातीची काही वर्षं सगळं नीट पाळलंही. पण वर्षानुवर्षं काही झालं नाही की सूचना विरतात. डोक्यात राहिली ती एकच गोष्ट. नागुबाईचा बाप वारला तेव्हा तिची झोप पुन्हा उडाली होती, आणि डॉक्टरांनी थोडे आठवडे गोळी अर्ध्याने वाढवली, तशी ती ठिकाणावर आली. भावकू त्यातून शिकला ते एवढंच, की बिघडलं की गोळी वाढवायची.

तेजस्वी शिकली, बी.कॉम. झाली, एका ऑफिसात लागली. कॉलेजात असताना तिने बाटलीतली एक गोळी मोबाईलवर शोधून काढली होती. आईबापाशी त्यावर ती एक शब्द बोलली नाही. घरातल्या सगळ्यांचाच स्वभाव गप्प बसण्याचा.

तिला स्थळ आलं कंग्राळीचं. मुलाचं नाव आदर्श, कारखान्यात नोकरी, घरची शेती, आई मालुबाई बोलायला फटकळ पण मोकळी. सुपारी फुटली. लग्न मे महिन्यात ठरलं. अडचण एकच निघाली, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. डॉ. रघुवीरांच्या दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, आदर्शच्या मामाचं मोबाईलचं दुकान. मामा दिवसभर गल्ल्यावर बसून रस्ता बघत असे. मग दवाखान्याची पायरी कोण चढणार? नागुबाईने जायचं बंद केलं. रक्त तपासणं बंद झालं. ओळखीच्या औषध दुकानातून भावकू गोळी तेवढी आणायचा.

त्याच सुमारास गल्लीतल्या देवळाच्या मंडपात आरोग्य शिबिर लागलं. नागुबाईचं बीपी जास्त निघालं. तिथल्या तरुण डॉक्टरने रोज सकाळी घ्यायला एक गोळी दिली, लघवीवाटे पाणी काढणारी, आणि मीठ कमी करायला सांगितलं.

"आणखी कुठली गोळी चालू आहे?" त्याने विचारलं.

"पित्ताची," नागुबाई म्हणाली. मागे रांगेत सगळी गल्ली उभी होती.

त्याने ते लिहून घेतलं. त्याचा तरी काय दोष?

आता नागुबाईने तेजस्वीचं लग्न ठरावं म्हणून देवीला बोलून ठेवलं होतं, की अक्षता पडेपर्यंत मंगळवारी नि शुक्रवारी अळणी जेवीन. डॉक्टरनेही मीठ कमी करायला सांगितल्यावर तिला बरंच वाटलं. "देवी बी त्येच सांगती, डाक्टर बी त्येच सांगतोय," असं म्हणून तिने रोजचंच अळणी करून टाकलं. आमटी अळणी, भाकरी अळणी, ताकसुद्धा अळणी. अर्धवट काही करणं तिला कधी जमलंच नव्हतं. भावकूने हे पाहिलं. डॉक्टर रघुवीरांचे शब्द त्याच्या कानामागे कुठेतरी हलले असतील. पण बायको देवीसाठी करते, डॉक्टर सांगतो म्हणून करते, मध्ये आपण काय बोलायचं, म्हणून तो गप्प राहिला.

एप्रिलचं ऊन, पत्र्याखाली चाललेले माग, अंगातून घामाच्या धारा. लग्नाआधी चार पैसे गाठीला लागावेत म्हणून नागुबाई बोलावतील तिथे सूत जोडायला जात होती. एके दिवशी तिच्या हातातून सूत सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. शेजारीण हसली, "नागू, पोरीच्या लग्नाची हुरहुर हाताला लागली व्हय गं?" नागुबाईही हसली. दुसऱ्या दिवशी चहाची कपबशी वाजायला लागली. मग उलट्या. मग चालताना भिंतीचा आधार. बोलताना जीभ जड.

भावकू हे बघत होता. त्याला वाटलं, उलटलं. जुनं दुखणं उलटलं, आणि तेही लग्नाच्या तोंडावर. खरं तर दोन्हींत काडीचं साम्य नव्हतं. तेव्हा ती झोपत नव्हती, आता डोळे उघडत नव्हते. तेव्हा तोंड बंद होत नव्हतं, आता शब्द बाहेर पडत नव्हता. खडखडीवरून मागाचं दुखणं ओळखणाऱ्या या माणसाला एवढं कळू नये? पण ज्या माणसावर एकदा डोक्याचा शिक्का बसला, त्याचं पुढे काहीही दुखलं तरी घरच्यांना आधी डोकंच आठवतं. डॉक्टरांनाही तेच आठवतं, ते पुढे येईल.

भावकूने गोळी वाढवली. आधी एकीची दीड केली, मग दोन. आपल्या हाताने, ताकाबरोबर, मोठ्या प्रेमाने. "घे नागू, उतरंल," तो म्हणायचा. ती थरथरत्या ओठांनी घ्यायची. जितकी ती खाली जायची, तितका तो नेमाने गोळी द्यायचा.

एका सकाळी ती न्हाणीच्या उंबऱ्यात पडली. रिक्षा करून त्याने नि तेजस्वीने तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. उलट्या, जुलाब, अंगातलं पाणी गेलेलं. बाई वॉर्डात सलाईन लागलं. आणि बातमी कंग्राळीला पोचली, कारण आक्कानेच फोन केला. होणारी व्याहीण, न कळवून कसं चालेल?

आजारी माणसाला बघायला जायचं हा आपल्याकडचा मोठा धर्म आहे. मालुबाई दुपारीच आली. शहाळं, केळी, ब्रेड, सगळं घेऊन. पलंगाजवळच्या स्टुलावर तिने ठाण मांडलं.

"कशाला उन्हाचा तरास घेतलासा," आक्का म्हणाली.

"तरास कसला ओ आक्का. आता घरचंच झालं की. संध्याकाळच्या बसनं जाईन."

तेवढ्यात डॉ. माधवी आल्या. वॉर्डाच्या डॉक्टर, तिशीच्या आतल्या, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. त्यांनी नाडी पाहिली, पोट दाबलं, हात पुढे करायला सांगितला. नागुबाईचा हात पिंपळाच्या पानासारखा हलत होता. डॉक्टर जरा थांबल्या.

"बीपी सोडून आणखी काही आजार?"

"काय न्हाय," आक्का म्हणाली. "पित्त हाय तेवढं, पयल्यापास्नं."

"मनाचा काही त्रास? डोक्याच्या, झोपेच्या गोळ्या?"

शहाळ्याला भोक पाडणारा मालुबाईचा हात थांबला. तेजस्वीने बापाकडे पाहिलं. भावकूने तोंड उघडलं होतं.

"डोकं तर असलं हुशार हाय," आक्का म्हणाली, "की वर्साचा हिशेब तोंडपाठ."

पलंगावर नागुबाईची मान हलली. तिने भावकूकडे डोळे लावले आणि जिभेला ताण देऊन एक अक्षर बाहेर काढलं. "गो…" पुन्हा एकदा. "गो…"

भावकूला कळलं. तो तिच्याबरोबर इतकी वर्षं राहिला होता, त्याला कळणार नाही तर कुणाला? गोळी. माझ्या गोळीचं सांगा.

"काय म्हणतायत त्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"पानी मागतीय," भावकू म्हणाला.

मालुबाईने शहाळ्यातली नळी तिच्या ओठाला लावली. नागुबाईने डोळे मिटले.

"ती पित्ताची गोळी कुठली आहे ती घरून आणून दाखवा मला," एवढं सांगून डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेल्या.

तेजस्वी बापाबरोबर जिन्यापर्यंत आली. "आप्पा, सांगून टाका. मला ठावं हाय ती कसली गोळी हाय ते."

भावकू दचकला. मग म्हणाला, "सांगतो. त्या बाईला जाऊ दे. बसची येळ झाली की जाईल ती. मग सांगतो."

"आणि तवर?"

"तवर सलाईन चालू हाय की."

तो घरी जाऊन बाटली घेऊन आला. मालुबाई तिथेच होती, केळी सोलून शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीला देत होती. त्याने बाटली डॉक्टरांच्या हातात दिली.

"ही तर पावडरची बाटली."

"त्यात ठेवतो आमी."

"नाव काय गोळीचं?"

भावकूने मालुबाईकडे पाहिलं. ती ऐकत होती. "पित्ताचीच," तो म्हणाला.

डॉक्टरांनी बाटली उघडली, पांढऱ्या गोळ्या पाहिल्या. पांढऱ्या गोळ्या सगळ्या सारख्याच दिसतात. तेवढ्यात पलीकडे कुणाला धाप लागली, नर्सने हाक मारली, आणि बाटली टेबलावर राहिली.

मालुबाई गेली तेव्हा डॉ. माधवींची पाळीही संपली होती. त्यांच्या जागी दुसरे डॉक्टर आले होते, उंचसे, घाईतले. भावकू त्यांच्या मागे मागे गेला आणि व्हरांड्यात एकदाचं ते सांगितलं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा. धारवाड, बाळंतपण, झोप, गोळी. आपण ती वाढवली हे सांगायला तो तोंड उघडतोय, तोच डॉक्टर म्हणाले,

"म्हणजे मेंटल केस आहे होय. मग हे आधी सांगायला काय झालं होतं? आम्ही इथं पोटाचं बघत बसलोय."

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. दुपारपर्यंत ती उलट्या झालेली नागुबाई होती. आता मेंटल केस झाली. अंगाला आचके येत होते त्याला आया चाळे म्हणू लागली. सलाईन उपसून काढील म्हणून तिचे हात पट्टीने पलंगाला बांधले. बांधलेल्या मुठीतली बोटं चाललेलीच होती, काहीतरी धरायची, पिळायची, सोडायची. भावकू बघत उभा राहिला. लपवलं तेव्हा नुसतं पोटाचं बघत बसले, आणि सांगितलं तर हे असं.

सकाळी तिला मनोविकार विभागात हलवायला सांगितलं. तो विभाग आवाराच्या दुसऱ्या टोकाला. दोन इमारतींना जोडणारी एक लांब बोळ, वर पत्रा, दोन्ही बाजूंना जाळी. भावकू नि तेजस्वीने वॉर्डबॉयबरोबर स्ट्रेचर ढकलत नेलं. तिथल्या नर्सने तिच्याकडे पाहिलं आणि दारातच हात आडवा केला.

"सलाईन चालू असलेला, शुद्ध नसलेला पेशंट आम्ही घेत नाही. आमच्याकडं मॉनिटर नाही. मोठे डॉक्टर कोर्टात साक्षीला गेलेत. आधी शरीराचं ठीक करून आणा, मग डोक्याचं बघू."

परत नेलं. वॉर्डात तिचा पलंग दुसऱ्या बाईला दिलेला. "आता त्या मनोविकारकडं गेल्या, आमच्याकडं त्यांची नोंद नाही," नर्स म्हणाली. ती वाईट नव्हती. तिच्या पुढ्यात आणखी तिघीजणी जमिनीवर गाद्या टाकून होत्या. वॉर्डबॉयने स्ट्रेचर पुन्हा बोळात आणून भिंतीला लावलं, चाकाला अडकण घातली आणि दुसऱ्या कामाला निघून गेला.

शरीराची इमारत एकीकडे, मनाची एकीकडे, आणि बाई एकच. कुणी कुठला अर्धा भाग घ्यायचा यावर तिथे नियम होता, पण सबंध बाईला जागा नव्हती. लोक येत-जात होते. कुणी डबे घेऊन, कुणी एक्स-रेचे काळे कागद घेऊन. स्ट्रेचरला धक्का लागला की "सरका जरा" म्हणत होते. तेजस्वी सलाईनची बाटली हातात उंच धरून उभी होती, कारण खांब वॉर्डातच राहिला होता.

भावकूने तेव्हा डॉ. रघुवीरांना फोन लावला. काल का लावला नाही, हे त्याला विचारून उपयोग नाही. दवाखान्यात जायचं नाही असं ठरवल्यापासून फोनही करायचा नाही, असं त्याने मनाशी धरलं होतं.

"किती देताय गोळी?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन. वाढवली मी. उलटलं असं वाटलं."

"बीपीची कसली चालू केली का कुणी? मीठ?"

"व्हय, शिबिरातल्या डाक्टरनं. मीठ तर… बंदच हाय."

"भावकू, नीट ऐका. हा डोक्याचा आजार नाही. मीठ तुटलं, अंगातलं पाणी गेलं, म्हणून गोळीचंच विष अंगात साचलंय. किडनीवर आलं असणार. गोळी बंद करा आणि तिथल्या डॉक्टरांना फोन द्या. आत्ता."

भावकूने फोन पुढे धरला. आयुष्यात कुणापुढे हात पुढे करायची सवय नसलेला माणूस. एक डॉक्टर जात होते. "साहेब, जरा बोलता काय, मोठे डाक्टर हायती फोनवर." ते न थांबता म्हणाले, "नातेवाइकांचे फोन आम्ही घेत नाही." एक नर्स म्हणाली, "वॉर्डात द्या." वॉर्डाच्या दारावरचा रखवालदार कन्नडमध्ये म्हणाला, भेटायची वेळ नाही. फोनमधून बारीक आवाज येत राहिला, "हॅलो, दिलात का? हॅलो," आणि भावकू फोन हातावर ठेवून, देवाला प्रसाद दाखवावा तसा, येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे धरत राहिला.

त्याच बोळातून मालुबाई येत होती. आज बरोबर तिचा नवराही होता, आणि हातात पुन्हा शहाळं. तिने स्ट्रेचर पाहिलं. बांधलेले हात पाहिले. समोर भिंतीवर बाण होता आणि बाणाखाली मोठ्या अक्षरांत तीन भाषांत मनोविकार विभाग लिहिलं होतं.

भावकूच्या हातातला फोन खाली आला. सगळं ज्याच्यासाठी केलं, ते तिथे संपलं असं त्याला वाटलं.

"हिकडं का ठेवलंय ह्यास्नी?" मालुबाईने विचारलं. मग तीच म्हणाली, "पुन्हा तसलं झालं व्हय? धारवाडला नेलतासा तसलं?"

आक्का नुकतीच डबा घेऊन पोचली होती, तिने डबा खाली ठेवला. "तुमास्नी कुनी सांगितलं?"

"सोयरीक बघायला आलतो तवाच कळलं की. तुमच्या गल्लीतल्या कांड्या भरनाऱ्या बाईनं सांगितलं. पोरगी चांगली हाय म्हणून आमी म्हटलं, असू दे."

"मग बोलला न्हाईसा कधी," भावकू म्हणाला.

"तुमी पित्त म्हणत हुतासा, आमी पित्त म्हटलं," मालुबाई म्हणाली. "तुमचं झाकलेलं आमी कशाला उघडायचं?"

भावकूला काय वाटलं असेल ते लिहिता येत नाही. काल दुपारी पलंगाच्या त्या अंगाला बसलेली बाई सगळं जाणून होती, या अंगाला उभा असलेला तो सगळं जाणून होता, आणि मध्ये नागुबाई एक अक्षर बाहेर काढायला धडपडत होती.

तेजस्वीने सलाईनची बाटली मालुबाईच्या हातात कोंबली, बापाच्या हातातला फोन ओढून घेतला आणि पळाली. डॉ. माधवी पाळीवर यायला जिना चढत होत्या. तिने त्यांना कठड्याशी अडवलं आणि आवाज मोठा करून फोन त्यांच्यापुढे धरला. त्या ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्याही पळाल्या.

रक्त तपासायला गेलं, पलंग मिळाला, हात सोडले, रक्त शुद्ध करणारं यंत्र लागलं. गोळीचं प्रमाण किती तरी पट निघालं, किडनी थकलेली. बरेच दिवस गेले. नागुबाई जगली.

डॉ. माधवींनी एकदा भावकूला बाजूला घेतलं. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"व्हय."

"ती बाटली मीही नीट बघायला हवी होती," त्या म्हणाल्या.

घरी आली तेव्हा नागुबाईचं डोकं शाबूत होतं. सगळं आठवत होतं, सगळं कळत होतं. पण हात थरथरायचे थांबले नाहीत. चाल नावेत उभ्या असलेल्या माणसासारखी झाली, आणि बोलणं असं, की घरच्यांनाही दोनदा विचारावं लागे. डॉ. रघुवीर म्हणाले, काही महिने वाट पाहू. कधी परत येतं, कधी येत नाही. जुनी गोळी त्यांनी कायमची बंद केली आणि दुसरी दिली. ती मनाला तेवढी धरून ठेवील का, याची खात्री ते देऊ शकले नाहीत. मिठाचंही आता काही राहिलं नव्हतं, ती गोळीच नाही तर मीठ खाल्लं काय आणि न खाल्लं काय.

"मी वाढवली म्हणून झालं न्हवं?" भावकूने विचारलं.

"सगळं मिळून झालं," डॉक्टर म्हणाले. ते नाही म्हणाले नाहीत, हे भावकूच्या ध्यानात आलं.

महिने गेले. हात तसेच राहिले. एकदा शेजारच्या घरी नवं बीम लागलं आणि कुणीतरी सवयीने नागुबाईला हाक मारली. ती गेली, मागापुढे बसली. सुताचं टोक चिमटीत येईना. तिने डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरला, तरी येईना. भावकू तिथे पाना घेऊन आलेला होता. तो शेजारी बसला, म्हणाला, "तू सांग, मी जोडतो." ती सांगू लागली. तिचं त्याला कळेना, आणि कळलं तेवढं त्याच्या तेलकट जाड बोटांना जमेना. थोड्या वेळाने ती सांगायची थांबली.

लग्न पुढे ढकललं होतं ते तुळशीच्या लग्नानंतर झालं, कंग्राळीत, दारापुढच्या मांडवात. मालुबाईने शब्द पाळला. एकच बोलली होती, "आमच्या भावकीत तेवढं काय बोलू नगासा. पोरीलाच जड जाईल." अक्षता पडल्या. नागुबाईला पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. तिच्या मुठीतले तांदूळ आधीच तिच्याच पायाशी सांडले.

जेवणाच्या पंगतीत मुलाकडची एक म्हातारी चुलती वाकून तेजस्वीला म्हणाली, "तुझ्या आईला काय झालंय गं? हात असं का?"

भावकूने मान वर केली. नागुबाईनेही केली. तिचे ओठ हलायला लागले.

तेजस्वीने पदर सावरला. "पित्ताचा तरास हाय," ती म्हणाली. "पयल्यापास्नं."

"पित्त लई वंगाळ," म्हातारी म्हणाली, आणि पुढे गेली.

नागुबाईचे ओठ थांबले. वाढप्या ओळीने पानांवर मीठ ठेवत येत होता. तो नागुबाईपाशी आला तशी मालुबाई मागून म्हणाली, "त्यास्नी नगो रं, पथ्य हाय." आणि तो तिचं पान सोडून पुढच्या पानाला गेला. भावकूने आपल्या पानावरच्या मिठातली चिमूट उचलली, तिच्या भातावर सोडली आणि बोटांनी कालवून दिली.